टक् आवाज येतो, गाडी हलत नाही

आज सोसायटीची गोल्फ कार्ट पुन्हा अडून बसली. पेडल दाबलं की सीटखाली 'टक्', पुढे काही नाही. चालवणाऱ्या काकांनी निकाल दिला, "मोटर गेली, साहेब." मोटर गेली म्हणणं सोपं, पाहायची कटकट नाही!

मला तो 'टक्' बरा वाटला. म्हणजे किल्ली, पेडलचा स्विच आणि बारीक वायरिंग शाबूत. 8 व्होल्टच्या 6 बॅटऱ्या, मीटर 50 च्या पुढे, चार्जिंगही ठीक.

मग तो 'टक्' करणाऱ्या सोलेनॉइडच्या, म्हणजे मोटरकडे जाणारा मोठा करंट जोडणाऱ्या स्विचच्या, दोन्ही जाड बोल्टांवर मीटरच्या पिना टेकवल्या आणि काकांना पेडल दाबायला सांगितलं. टक् झाल्यावर काटा शून्यावर यायला हवा. तो 48 च्या आसपासच ठाण मांडून. कॉन्टॅक्ट जळलेले. आत हलतंय, पण करंट पलीकडे जात नाही.

दोन बोल्टांमधला रेझिस्टरही तपासला, तो तुटलेला निघाला. तो मोटर चालवणाऱ्या कंट्रोलरचे कपॅसिटर आधी हळूहळू भरतो. तो नसेल तर प्रत्येक वेळी ठिणगी उडते आणि कॉन्टॅक्ट भाजतात. नुसता सोलेनॉइड बदलला असता तर तोही असाच गेला असता.

उद्या दोन्ही आणायचे. काका अजून मोटरवरच अडलेत.