समुद्रावरचा दस्तरखान

मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून आता सहलीची मोठी जहाजे सुटतात. ‘कॉर्डेलिया’चे ‘एम्प्रेस’ हे जहाज सप्टेंबर २०२१ पासून इथून प्रवासी नेऊ लागले. अंधेरी-बोरिवलीची, मुलुंड-घाटकोपरची कितीतरी कुटुंबे दोन-तीन रात्रींसाठी अशा जहाजांवर जातात.

आम्हीही अंधेरीहून सहकुटुंब अशा एका सहलीला गेलो. मुलांना ओढ पोहण्याच्या तलावाची आणि अम्मींना काळजी जेवणाची! काळजी योग्यच होती. जमिनीवर एखादे हॉटेल पटले नाही तर उठून दुसरीकडे जाता येते. भर समुद्रात कुठे जाणार?

नाश्ता आणि दोन्ही वेळचे जेवण बहुधा भाड्यातच असते. बुफेत ताट हवे तितक्या वेळा भरा, नाहीतर टेबलावर बसून वाढून घ्या. खास चवीच्या उपाहारगृहांचे आणि दारूचे पैसे मात्र वेगळे.

आमच्या आजीच्या तोंडी हजच्या जहाजाच्या आठवणी असत. मुंबई ते जेद्दा हा समुद्रमार्ग १९९५ साली बंद झाला. त्या जहाजावर सारेच हाजी, त्यामुळे मांस कसले, हे विचारावे लागत नसे. आज ते विचारावे लागते, म्हणून आम्ही तिकीट काढण्यापूर्वीच लेखी विचारले होते: मांस हलाल आहे का आणि त्याचे प्रमाणपत्र आहे का? तळणाचे तेल वेगळे असते का? सॉसमध्ये वाइन किंवा पुडिंगमध्ये रम घालतात का? जेलीतले जिलेटिन कशाचे? मासळीला जबह लागत नाही, पण ती कोणत्या तेलात तळली हे पाहावेच लागते. उत्तरे आली, तेव्हाच पैसे भरले.

जहाजावर जैन जेवणाची पाटी ठळक होती. रांगेत भेटलेल्या घाटकोपरच्या एक बहेन म्हणाल्या, “आम्ही बुकिंगलाच लिहून देतो. कांदा-लसूण नको, बटाटा नको. सांगितलं नाही तर त्यांना कसं कळणार?” दोन टेबले सोडून मुंब्र्याचे एक कुटुंब मात्र डाळ-भातावर दिवस काढत होते. विचारायला संकोच वाटला, म्हणाले. त्यांना घेऊन आम्ही मुख्य आचाऱ्याकडे गेलो. त्याने अदबीने एकेक पदार्थ दाखवला, कोणता घ्यावा, कोणता टाळावा ते सांगितले. त्या रात्री त्यांच्या मुलांनी पोटभर बिर्याणी खाल्ली.

बुफेसमोर एक पथ्य मात्र सगळ्यांनीच पाळायला हवे. टेबलांवर अर्धवट टाकलेली ताटे पाहून अम्मी हळहळल्या. इस्राफला आपल्याकडे मनाई आहे, ती फुकटच्या वाटणाऱ्या जेवणालाही लागू आहे. थोडे घ्यावे, पुन्हा घ्यावे.

बायांनो, भावांनो, सहलीला जरूर जा. पैसे आपण इतरांइतकेच मोजतो, मग हलालची चौकशी करताना मान खाली का घालायची? आज आपण नीट विचारले, तर उद्या आपल्या मागून येणाऱ्या कुटुंबासाठीही तिथे पाटी लागेल, इन्शाअल्लाह.