पैकी किती?

वीस वर्षे दुसऱ्यांच्या उत्तरपत्रिका तपासल्या की माणसाच्या नजरेतच लाल शाई उतरते. लग्नात जेवायला बसले तर मी मठ्ठ्याला दहापैकी सहा देते. शेजारच्या बाईंची रांगोळी पाहिली की मनात येते, 'कल्पना चांगली, मांडणीत घाई.' घरात ही खोड सर्वांना ठाऊक आहे. आमचे 'हे' तर भाजी वाढून घेताना आधीच विचारतात, "आज आम्ही काय म्हणायचं? उत्तीर्ण?"

तेव्हा अकरावीतल्या लेकीने वैशाखाच्या सुट्टीत मला तिची आवडती जपानी चित्रमालिका पाहायला बसविले, ते अगदी भाबडेपणाने बसविले नव्हते. "तू सगळ्यांना मार्क देतेस ना? मग हिला दे. पण पूर्ण पाहून," असे ती म्हणाली. अठ्ठावीस भाग, प्रत्येक सुमारे चोवीस मिनिटांचा. म्हणजे अकरा तासांचा पेपर!

मी कुरकुरले. ही मुले ज्याला अ‍ॅनिमे म्हणतात त्याविषयी माझे मत काही बरे नव्हते. मोठाले डोळे, टोकदार केस आणि दर पाच मिनिटांनी आरडाओरडा, एवढेच मला दाराआडून दिसले होते. त्यावर लेक म्हणाली, "आई, तू लहानपणी 'मोगली' बघायचीस ते काय होतं?" मी म्हटले, ते आपले होते, हिंदी होते. ती हसत सुटली. 1993 साली रविवारी सकाळी ज्याच्यासाठी आम्ही अर्धी आळी एका घरात गोळा होत असू, तो 'जंगल बुक' मूळचा जपानी, निप्पॉन अ‍ॅनिमेशन या संस्थेने 1989 साली काढलेला, हे मला पंचेचाळिशीला आल्यावर घरातच कळले. गाणे गुलजारांचे, चाल विशाल भारद्वाजांची, शेरखानाचा आवाज नाना पाटेकरांचा. मग ते परके वाटणार तरी कसे? थोडक्यात, ज्या मालाला मी नाके मुरडत होते त्याच्यावरच माझे बाळपण पोसले होते. मी निमूटपणे बसले.

मालिकेचे नाव 'फ्रीरेन'. कथा कानेहितो यामादा यांची, चित्रे त्सुकासा आबे यांची. 2020 पासून ती जपानातल्या एका साप्ताहिकात चित्रकथेच्या रूपाने क्रमशः येऊ लागली. मॅडहाऊस या चित्रसंस्थेने केइचिरो साइतो यांच्या दिग्दर्शनाखाली तिची मालिका केली आणि सप्टेंबर 2023 ते मार्च 2024 या काळात ती जपानात दाखविली गेली.

मी कागदावर तीन रकाने पाडले. कथा चाळीस, चित्र तीस, ध्वनी तीस.

कथेने मला पहिल्याच तासात गप्प केले. आपल्याकडची कुठलीही अद्भुत कथा जिथे संपते तिथे ही सुरू होते. राक्षसांचा राजा मारला गेलेला आहे. दहा वर्षांची मोहीम आटोपून चौघे परत येतात. हिमेल नावाचा वीर, मद्यप्रिय धर्मगुरू हायटर, बुटका योद्धा आयझेन आणि फ्रीरेन ही जादूगारीण. फ्रीरेन माणूस नव्हे. ती एल्फ, म्हणजे आपल्या यक्ष-गंधर्वांसारख्या एका दीर्घायुषी कुळातली. वय हजाराच्या वर, रूप मात्र सोळा वर्षांच्या मुलीचे. परतलेल्या रात्री चौघे मिळून उल्कांचा वर्षाव पाहतात. तो पन्नास वर्षांतून एकदा व्हायचा. फ्रीरेन सहज म्हणते, पुढच्या खेपेस याहून चांगल्या जागी नेईन. तिला पन्नास वर्षे म्हणजे आपली पुढली एकादशी!

ती खरोखरच पन्नास वर्षांनी येते. तीसुद्धा हिमेलपाशी ठेवलेली एक वस्तू परत न्यायला. दारात टक्कल पडलेला, वाकलेला, पांढऱ्या दाढीचा एक छोटासा म्हातारा उभा असतो. चौघे पुन्हा एकदा चालत जाऊन उल्का पाहतात आणि थोड्याच दिवसांत हिमेल मरतो. लोक कुजबुजतात, हिच्या डोळ्यांत टिपूससुद्धा नाही. शवपेटी मातीआड जाऊ लागते तेव्हा मात्र ती रडते. माणसाचे आयुष्य थोडे असते हे ठाऊक असून मी याला जाणून का घेतले नाही, एवढेच तिचे म्हणणे. पुढली सारी मालिका म्हणजे त्या चुकलेल्या दहा वर्षांच्या मागोमाग केलेला प्रवास. हायटरने सांभाळलेली फर्न नावाची अनाथ मुलगी तिची शिष्या होते, आयझेनचा चेला श्टार्क सोबत येतो, आणि तिघे उत्तरेकडे निघतात. तिकडे मृतांचे आत्मे विसावतात अशी एक जागा आहे म्हणे. तिथे हिमेलशी बोलायचे आहे.

नावांची एक गंमत सांगते. ती सारी जर्मन शब्दांची आहेत. हिमेल म्हणजे आकाश, आयझेन म्हणजे लोखंड, हायटर म्हणजे आनंदी, फर्न म्हणजे दूर आणि फ्रीरेन म्हणजे गोठणे. नावातच स्वभाव सांगून टाकायची ही युक्ती आपल्या जुन्या नाटककारांना पसंत पडली असती.

गुण कापले ते दोन ठिकाणी. पहिली गोष्ट राक्षसांची. हे राक्षस माणसासारखे दिसतात, माणसासारखे बोलतात, पण बोलणे हे त्यांचे केवळ फसविण्याचे हत्यार. एक राक्षसकन्या मरणाच्या दारात 'आई' म्हणून हाक मारते. या शब्दाचा अर्थ तिला ठाऊक नसतो. हा शब्द उच्चारला की माणसाचा उगारलेला हात थांबतो, एवढे मात्र पक्के ठाऊक असते. भाषा शिकविणाऱ्या बाईच्या अंगावर काटा आणणारी ही कल्पना. पण एक अख्खी जातच जन्मतः खोटी आणि मारण्याच्या लायकीची, हा विचार मला काही केल्या रुचला नाही. दुसरी गोष्ट म्हणजे अठराव्या भागापासून शेवटपर्यंत चालणारी जादूगारांची परीक्षा. मी सुट्टी कशासाठी घेतली होती? पण परीक्षक या नात्याने तिच्यातही रमले, हे कबूल केले पाहिजे. शेवटची तोंडी परीक्षा घेणारी बाई तर उमेदवार दारात येतो न येतो तोच 'नापास' म्हणते. तिने फ्रीरेनला विचारले, आवडती जादू कोणती? ही म्हणाली, फुलांचा ताटवा उगविण्याची. नापास! आणि फर्न उत्तीर्ण झाल्यावर बक्षीस म्हणून कोणतीही एक जादू मागायची मुभा मिळते, तेव्हा ती मागते कपडे स्वच्छ करण्याची जादू. हे आमच्या भांडीधुण्याच्या बाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, "पोरगी शहाणी आहे." कथेला तेहतीस.

चित्राविषयी मला थोडेच कळते. चेहरे पुष्कळदा एकाच साच्यातले वाटतात आणि ती जुन्या युरोपातली गावे खऱ्या युरोपात कुठेच नसावीत. पण आभाळ! कितीतरी वेळ पडद्यावर काहीच घडत नाही. गवत हलते, ढगाची सावली टेकडीवरून सरकते, तीन लहान माणसे चालत असतात. आमच्या पिढीने पडद्यावरचे अद्भुत पाहिले ते प्रभातच्या 'संत ज्ञानेश्वर'मध्ये. 1940 सालचा चित्रपट, ज्ञानेश्वरांचे काम केले ते आमच्या नगरच्याच शाहू मोडकांनी. तिथली चालणारी भिंत पाहून थिएटरात लोक हात जोडत, असे वडीलधारी माणसे सांगत. इथे चमत्कार ढिगाने आहेत, पण चित्रकाराचा जीव अडकला आहे तो पहाटेच्या उजेडात. नववर्षाचा सूर्योदय पाहायला हिमेलने बोलाविले होते, तेव्हा फ्रीरेन झोपून राहिली होती. ऐंशी वर्षांनंतर फर्न तिला ओढत नेते. सूर्य काही तिला विशेष वाटत नाही. फर्नच्या तोंडावरचा आनंद मात्र ती पाहत राहते. चित्राला सव्वीस.

ध्वनीला मी सर्वांत जास्त दिले, तीसपैकी सत्तावीस. संगीत इव्हान कॉल या जपानात राहणाऱ्या अमेरिकन संगीतकाराचे आहे; व्हायोलिने आणि बासऱ्या दुरून, वाऱ्याबरोबर आल्यासारख्या येतात. त्याहूनही मला आवडले ते मधले न वाजणे. पानांची सळसळ, बुटांखालचा बर्फ, पुस्तकाचे पान उलटल्याचा आवाज. फ्रीरेनला आवाज दिला आहे आत्सुमी तानेझाकी या अभिनेत्रीने. सारे सपाट, झोपाळू, एका पट्टीत बोललेले. आणि म्हणूनच त्या पहिल्या रडण्याने आपण दचकतो.

एकूण शहाऐंशी. मी मोठ्या ऐटीत कागद लेकीपुढे धरला. विशेष प्रावीण्य!

तिने तो वाचला आणि म्हणाली, "आजीनं कथेला पैकीच्या पैकी दिले होते."

मला वाटले ऐकण्यात चूक झाली. सासूबाई गेल्या फाल्गुनात गेल्या. चौथीपर्यंत शिकलेल्या, मोतीबिंदूनंतर वाचन सुटलेल्या. त्यांनी जपानी मालिका पाहिली?

पाहिली होती. मार्गशीर्षापासून, रोज रात्री दहानंतर, त्यांच्या खोलीत. एकदा मी आतून ओरडले होते म्हणे, "आवाज कमी करा, मी पेपर तपासते आहे." तेव्हापासून दोघींनी एकाच इअरफोनची दोन टोके वाटून घेतली. एक नातीच्या कानात, एक आजीच्या. नात पडद्यावरच्या ओळी वाचून हळूच मराठीत सांगे आणि आजी डोळे मिटून तो परका आवाज ऐके. भिंतीपलीकडे मी लाल पेनाने ऱ्हस्वदीर्घ सुधारीत होते.

"काय म्हणायच्या गं त्या?" मी विचारले.

पहिला भाग संपल्यावर आजी थोडा वेळ गप्प बसली होती. मग म्हणाली होती, "आमच्या चांगदेवावानी म्हणायची की ही! चौदाशे वर्सं जगला, वाघावर बसला, सापाचा चाबूक केला. आन् ज्ञानोबाला कागद लिहाया बसला तर मायनाच सुचंना. वयानं ल्हान, म्हणून चिरंजीव लिहावं, का ज्ञानानं मोठा, म्हणून तीर्थरूप? धाडला कोराच! मुक्ताई हसली, एवढं जगून कोराच ऱ्हायला म्हणाली." आणि पुढे फर्न आली, हजार वर्षांच्या बाईला सकाळी उठविण्यावरून रागावू लागली, तेव्हा आजीने सांगून टाकले, "ही तिची मुक्ताई. आता ती शिकंल."

वाचकहो, मी 'चांगदेव पासष्टी' बी.ए.च्या वर्गाला शिकविते. त्या कोऱ्या पत्राची आख्यायिका दर वर्षी सांगते, त्याला उत्तर म्हणून आलेल्या पासष्ट ओव्यांचा अर्थ फळ्यावर लिहिते, आणि पोरवयाच्या मुक्ताबाईला चांगदेवांनी गुरू केले हे सांगताना आवाज थोडा चढवितेही. अकरा तास मालिका पाहून मला हे सुचले नाही. फर्नविषयी माझ्या कागदावर शेरा होता, 'विनोदासाठी बरी.'

सासूबाईंचे माहेर पुणतांब्याचे. गोदावरीच्या काठचे गाव, तिथेच चांगदेवांची समाधी. मला ते गाव मुख्यतः ठाऊक होते ते 2017 साली शेतकऱ्यांच्या संपाने वर्तमानपत्रांत गाजले म्हणून. अठरा वर्षे आम्ही एका घरात राहिलो. भांडलो नाही, म्हणजे बोलण्याचे विषयच तसे ठेवले नाहीत. दूधवाला, गॅस, गोळ्यांची वेळ. त्यांच्या चहात साखर किती हे मला झोपेतही सांगता आले असते. त्यांच्या माहेराविषयी मी एकही प्रश्न विचारलेला आठवत नाही, आणि त्यांनीही आपण होऊन काही सांगितले नाही. सांगितले असेल तर मी पेपर तपासत असेन.

जूनमध्ये कॉलेज उघडायच्या आधी आम्ही दोघी पुणतांब्याला गेलो. मनमाडकडे जाणारी गाडी धरली. राहुरी, बेलापूर, मग उसाची शेते. ह्यांनी विचारले, "एकदम पुणतांबे कसे काय?" मी म्हटले, अभ्यासक्रमासाठी. खोटे बोलले.

समाधीपाशी दुपारची वेळ, फारसे कोणी नव्हते. लेक बराच वेळ आत बसली. मग घाटावर गेलो. उन्हाळ्याचे पाणी खाली गेलेले. गावात सासूबाईंची एक चुलतबहीण अजून आहे. वय ऐंशीच्या पुढे, कान तल्लख. त्यांनी मला नीट निरखले आणि विचारले, "तू ती कॉलेजातली सून का?" मी हो म्हटले. चहा झाला. मी धीर करून म्हटले, "मावशी, सासूबाई लहानपणी कशा होत्या?"

"आगं, बोलकी! श्रावणात घाटावर बाया धुणं आणायच्या न् हिला मधी बसवायच्या. कहाण्या सांगायची. अशी सांगायची की बायांचं धुणं तसंच ऱ्हायचं. चांगदेवाची तर अशी सांगायची की वाघ आला वाटायचा." त्या थांबल्या. "लगीन झालं न् बंद झालं ते. मोठ्या घरात कोण ऐकतंय? तुला कधी नाय सांगितल्या?"

मी नाही म्हटले.

शेजारी लेक बशीतला चहा फुंकीत होती. तिने वर पाहिले नाही. "मला सांगितल्या," ती म्हणाली, "सतरा."

परतीच्या गाडीत खिडकीशी बसल्यावर मी तिला म्हटले, पहिलीपासून सांग. तिने आधी कानातली दोन्ही टोके काढून ठेवली.