सूज उतरली, राग नाही

पायाला सूज आली की आमच्या वयाच्या माणसाच्या मनात पहिली येते ती किडनी. घोट्याजवळ बोट दाबलं की खळगा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. संध्याकाळी चपलेचा पट्टा लागेना. बीपी, साखर जुनीच; सत्तरी ओलांडलेल्या कुठल्या घरात ती नाही?

सुजेच्या थोडं आधी बीपीची ॲम्लोडिपिनची गोळी पाच मिलिग्रॅमची दहा केली होती. हे मी डॉक्टरांना सांगू लागले, तर कॉम्प्युटरवरची नजर न हलवता ते म्हणाले, "आजी, तुम्ही गोळ्या वेळेवर घ्या, बाकीचं आमच्यावर सोडा." हे वाक्य अजून झोंबतं. मुलांना 'शंका विचारा' म्हणता म्हणता माझी शाळेतली नोकरी संपली, आणि इथे माझीच शंका तोंडातल्या तोंडात राहिली.

मग रक्त, लघवी, सोनोग्राफी, टू-डी इको. सगळं नॉर्मल. तरी लघवी जास्त होण्याची गोळी सुरू झाली. सूज होती तिथेच, बाथरूमच्या खेपा मात्र वाढल्या. बाहेरगावचं लग्न म्हटलं की नकोसं व्हायचं. पुढे पोटऱ्यांत गोळे यायला लागले. तपासलं तर पोटॅशियम कमी. त्यासाठी पातळ औषध. त्याने मळमळ, जळजळ. त्यावर पित्ताची गोळी, उपाशीपोटी. प्रत्येक वेळी कागदावर एक ओळ वाढली. आधीची एकही ओळ कुणी खोडली नाही. आणि घरात ऐकायला काय मिळायचं, तर "वय झालं, आता असं होणारच!"

कोल्हापूरला मुलीकडे गेले तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांची पिशवी टेबलावर रिकामी करायला लावली. पट्ट्या मेडिकलमध्ये कात्रीने कापून दिलेल्या. कुणावर नावाचं शेपूट तेवढं उरलेलं, कुणाची एक्सपायरी डेट दुसऱ्याच गिऱ्हाइकाच्या घरी गेलेली. त्या एकेक जुळवत बसल्या. मग विचारलं, "काकू, सूज आधी आली की दहाची गोळी आधी?"

एवढंच तर मी सांगत होते! या गोळीने बारीक रक्तवाहिन्या सैल होतात, त्यातलं पाणी झिरपून घोट्याशी उतरतं, डोस वाढला की सूजही वाढते. अंगात जास्तीचं पाणी साठलेलंच नसतं, त्यामुळे लघवीच्या गोळीने फारसा फरक पडत नाही. हे काही नवं संशोधन नव्हे; गोळीच्या माहितीपत्रकातच पायाची सूज छापलेली असते. त्यांनी डोस पुन्हा पाचावर आणला, जोडीला बीपीचीच टेल्मिसार्टन दिली आणि मधली तिन्ही औषधं बंद केली. सूज उतरली.

आता मी खूश असायला हवी होते. पण गोळ्यांचा डबा हलका झाल्यावर मलाच धाकधूक. एवढ्या गोळ्यांवर तर तगून आहोत, कमी केल्या आणि काही झालं तर? पित्ताची गोळी मी मेडिकलमधून मागून आणलीच. अधूनमधून अजून घेते. मुलगी चिडते. चिडू दे.

मात्र हे वाचून कुणी आपल्या मनाने गोळ्या बंद करू नका. मेटोप्रोलॉलसारखी बीपीची गोळी एकदम तोडली तर हृदयावर बेतू शकतं. आणखी एक: एकच औषध दोन कंपन्यांच्या दोन नावांनी मिळतं. दोन डॉक्टरांकडे जाणाऱ्याच्या पोटात ते दुप्पट जाऊ शकतं. म्हणून अख्खी पट्टी मागा, आणि सगळ्या पट्ट्या घेऊन अधूनमधून एकाच डॉक्टरपुढे बसा.

डॉक्टरांनाही एक विनंती आहे. नवी गोळी लिहिताना जुन्यांपैकी कोणती बंद करायची, तेही त्याच कागदावर लिहा. मराठीत, आणि आम्हाला चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या अक्षरात.