पेरूची तहान

पेरूच्या झाडाला आमच्या वाङ्मयाने कधी मोठेपणा दिला नाही. आंब्याच्या मोहोरावर संस्कृत कवींनी श्लोकांमागून श्लोक रचले. वडाच्या वाट्याला पूजा आली, तुळशीला तर अंगणात वृंदावनच मिळाले. पेरू बिचारा परदेशस्थ! अमेरिकेच्या उष्ण भागातून पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर तो या देशी उतरला, तेव्हा कालिदासाला जाऊन हजार वर्षे तरी लोटली होती. परंतु प्रतिष्ठा नसली तरी जिव्हाळ्यात तो कोणास हार जाणारा नाही, अशी साक्ष आमच्या परसातले झाड देईल.

हे झाड आमच्या मातोश्रींनी लावलेले. जात सरदार. लखनौकडील बियांच्या रोपांतून डॉ. चीमा यांनी १९२७ साली पुण्याच्या गणेशखिंडीतील बागेत जे वाण निवडले, त्याचेच हे गुटी कलम. बी लावले तर रोप आईच्या गुणांवर जाईलच असे नाही. कलमाविषयी तो संशय नको. मातोश्री रोज स्नानानंतर एक तांब्या तुळशीला आणि एक बादली पेरूला घालीत. त्या गेल्या, पण नेम सुटला नाही. बादली सुनेच्या हाती आली.

आता पेरूचे असे आहे की, बारमाही पाणी मिळाले म्हणजे तो वर्षातून तीनदाही फुलतो. आंबे बहाराची फळे पावसाळ्यात पिकतात; ती पाणचट, आणि फळमाशीच्या अळ्यांनी पुष्कळशी सडलेली. हिवाळ्यात गोड फळ हवे असेल, तर एप्रिल-मे महिन्यांत पाणी तोडावे, झाडाला ताण द्यावा, पाने गळू द्यावीत आणि जूनच्या आरंभी आळे उकरून शेणखत व पाणी घालावे, असा बागवानांचा शिरस्ता आहे.

तो आम्ही घरात सांगितला, तेव्हा “सासूबाईंनी वाढवलेलं झाड आपल्या हातांनी तहानेनं मारायचं का?” असा सवाल आला. त्याला शास्त्राकडे उत्तर नाही. वैशाखात पाने पिवळी पडून गळू लागली, तशी आमच्या मंडळींनी खिडकीतून परसाकडे पाहणेच सोडले. विद्यार्थ्याने विचारताक्षणी उत्तर न देता त्याला थोडे तळमळू देण्याचा सराव आम्हांस आहे. पण विद्यार्थी निदान कुरकुर करतो. झाड नुसते उभे राहते. ते उभे राहणे पाहवत नाही.

मृगाच्या पाण्याबरोबर नवी फूट आली आणि तिच्याच बेचक्यांत पांढरी फुले. मार्गशीर्षात फळे उतरली. त्यांतले पहिले मंडळींनी मातोश्रींच्या तसबिरीपुढे ठेवले. आम्हांला दुसरे मिळाले.

पाणी तोडण्याचा वाद तेव्हापासून वाद राहिला नाही. उन्हाळ्यात ती बादली पेरूला वळसा घालून कुंपणापाशी असलेल्या मोगऱ्याकडे जाते. नेम मोडत नाही, आणि पेरूचा ताणही मोडत नाही.