प्रार्थनेतले अनेकवचन

प्रचलित मराठी बायबलमधील प्रभूच्या प्रार्थनेत 'मोह' हा शब्द नाही. तेथे 'परीक्षा' आहे. लहानपणी आम्हांला ती वार्षिक परीक्षाच वाटे, आणि मार्च महिन्यात ती ओळ आम्ही विशेष भक्तिभावाने म्हणत असू. मूळ ग्रीक 'पेइरास्मोस' या शब्दात कसोटी आणि प्रलोभन हे दोन्ही अर्थ नांदतात, हे फार पुढे कळले.

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याचा प्रबंध आमच्याकडे तपासणीसाठी आला होता. १९०० साली बाप्तिस्मा घेतलेल्या लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'विषयी त्याने जाता जाता लिहिले होते, की त्यांच्या मनातला जातिभेद गळून पडतो तो प्रवचन ऐकताना नव्हे, आपल्याशीच विचार करताना. आमच्या रखडलेल्या लेखाला नेमके हेच हवे होते. प्रबंध अप्रकाशित; विद्यार्थी नोकरीसाठी दूर गेलेला. कोणाला कळणार होते?

मत्तयाच्या चौथ्या अध्यायात येशू सैतानाला तिन्ही वेळा शास्त्रवचनाने उत्तर देतो. तिन्ही वचने 'अनुवाद' या ग्रंथातली. उपदेशक हे रंगवून सांगतात. सैतानही मध्येच ९१व्या स्तोत्राचा आधार घेतो, हे मात्र घाईने उरकतात. आम्हांलाही शास्त्र आठवले, पण कोणते? धन्याने जमिनीत पुरून ठेवलेले धन एका दासाकडून काढून दहापट असलेल्याला दिले, तो दाखला. विद्यार्थ्यानेही आपले धन पुरूनच ठेवले होते ना! शास्त्र पाठ असणे साहित्याच्या प्राध्यापकाला जरा धोक्याचेच. सोयीचा अर्थ लावण्याचा त्याला भरपूर सराव असतो.

त्या रात्री प्रार्थना नकोशी वाटली. गेथशेमाने बागेतील शिष्यांसारखे सरळ झोपी जावे, असे मनात आले. केवळ सवयीने प्रभूची प्रार्थना सुरू केली आणि 'आम्हांला' या शब्दापाशी अडलो. या प्रार्थनेत 'मला' कुठेच नाही. भाकर, क्षमा, परीक्षा, सारे अनेकवचनी. आजवर हे 'आम्ही' आम्ही लेखनातल्या 'आम्ही'सारखेच उच्चारत आलो होतो: एकट्याचे, थोडे भारदस्त. त्यात तो विद्यार्थी मावतो हे ध्यानातच आले नव्हते. तो ख्रिस्ती नव्हता. पण त्याची भाकर आम्ही घेऊ पाहत होतो, एवढे त्या रात्री स्पष्ट दिसले.

मोह तेवढ्याने गेला नाही. पहिल्या मसुद्यात आम्ही त्याचे नाव तळटीपेत ढकलले. पुन्हा प्रार्थना, पुन्हा चडफड. दुसऱ्या मसुद्यात ते परिच्छेदात आले, आणि त्याला परवानगीसाठी पत्र गेले.

पंधरा दिवसांनी उत्तर आले. असे काही आपण लिहिले होते हे तो पार विसरला होता. वापरा, सर, नावाची काय गरज, असेही त्याने लिहिले होते. हे पत्र आधी आले असते तर आम्ही काय केले असते, हा प्रश्न आम्ही अजून टाळतो.