पेठेचा संघ

बुऱ्हाणपूर,
रविवार

चि. बाळास,

कोल्हापूरचा फुटबॉल पेठांचा आहे. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ तरुण मंडळ ही तिथल्या नामवंत संघांची नावं. यांतलं एकही नाव कंपनीचं नाही की मालकाचं नाही. प्रत्येक संघामागे एखादी पेठ, तिथली तालीम किंवा तरुण मंडळ आणि त्याभोवतीची घरं उभी आहेत. भारतात फुटबॉलवर प्रेम करणारी शहरं बरीच आहेत, पण खेळ रोजच्या जगण्यात इतका मिसळला आहे असं दुसरं शहर मराठी मुलखात नाही. त्याचं कारण या तालमींमध्ये सापडतं.

राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला आणि १९१२ मध्ये खासबागेचं कुस्ती मैदान उभं राहिलं. पेठोपेठी तालमी होत्याच. त्यांना या काळात बळ मिळालं. तालमीत लाल मातीचा हौदा असतो, मारुतीची मूर्ती असते, भिंतीला टेकवलेली करेला-मुद्गलं असतात. पण तालमीचं काम व्यायामापुरतं कधीच नव्हतं. गणेशोत्सव आणि शिवजयंती तिनेच साजरी करायची, महापुरात पाणी शिरलेल्या घरांतली माणसं तिनेच बाहेर काढायची, कुणाच्या घरी मयत झाली तर पुढची धावपळही तालमीतल्या पोरांनीच करायची. संध्याकाळी कट्ट्यावर बसायची जागाही तीच. इंग्रजांच्या पलटणी आणि मिशनऱ्यांच्या शाळा या वाटांनी फुटबॉल हिंदुस्थानात पसरला. संस्थानी काळात तो कोल्हापुरात आला तेव्हा त्याला वेगळं घर बांधावं लागलं नाही. जी पोरं पहाटे जोर-बैठका मारत होती, तीच दुपारी चेंडूमागे धावू लागली आणि कुस्तीच्या फडातली ईर्षा चेंडूसोबत मैदानात उतरली.

त्यामुळे कोल्हापुरात संघ निवडावा लागत नाही. तो घराच्या पत्त्याबरोबर मिळतो. शिवाजी पेठेत वाढणाऱ्या पोराला कुणाच्या बाजूने ओरडायचं हे शाळेत जाण्याआधीच माहीत असतं, आणि मंगळवार पेठेतल्या पोरालाही. मैदानात बचावफळी सांभाळणारा गडी त्याच्याच गल्लीत राहतो. सकाळी तो दुधाच्या पिशव्या घेऊन जाताना दिसतो, गणपतीत आरतीला शेजारी उभा असतो, एखाद्या दुकानात काम करतो. पराभव झाला तर त्याला दुसऱ्या दिवशी त्याच लोकांना तोंड द्यावं लागतं, आणि विजयी गोल केला तर पुढची कित्येक वर्षं चहाच्या गाड्यावर त्याच्या नावाने तो गोल सांगितला जातो.

या सगळ्याला शिस्तीची चौकट देणारी संस्था म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन. शहरात तिला सगळे केएसए म्हणतात. तिची स्थापना १९४० ची. छत्रपती घराण्याचा आधार तिला पहिल्यापासून आहे. केएसएची वरिष्ठ गटाची लीग सोळा संघांची. पाऊस सरल्यावर मैदान तयार होतं, खेळाडूंची नोंदणी होते आणि लीग सुरू होते. तिच्यानंतर एकामागून एक चषक स्पर्धा लागतात त्या थेट उन्हाळा संपेपर्यंत. नोंदणीचे दिवस हाही हंगामाचाच एक भाग. कोण कुठल्या संघाकडून खेळणार, कुणी पेठ सोडली, कुणाला परत आणलं, याची चर्चा सामन्यांच्या आधी कितीतरी दिवस रंगते. गेल्या काही वर्षांत संघ आफ्रिकी खेळाडूही आणू लागले आणि त्यांच्या संख्येला मर्यादा घालावी लागली. एक हंगाम पेठेत काढलेला नायजेरियन गडी पोरांच्या तोंडी घरच्या नावाने ओळखला जातो. खर्च भागवायला वर्गणी, देणगीदार आणि पुढारी असे तिन्ही हात लागतात. चषकांना राजकीय नेत्यांची नावं दिसतात ती म्हणूनच.

सामना असतो राजर्षी शाहू स्टेडियमवर, बहुधा दुपारी उन्हं कलायला लागल्यावर. दोन मोठ्या तालमींची गाठ असली की त्या दोन्ही पेठांतली दुकानं लवकर सुस्तावतात. मोटरसायकलींचे जथे झेंडे फडकवत निघतात. आत शिरल्यावर दोन्हीकडचे समर्थक आपापल्या बाजूच्या पायऱ्यांवर दाटीने बसतात आणि मध्ये पोलिसांची रांग उभी राहते. हलगी कडाडते, शिट्ट्या वाजतात, भेळ-भडंगाचे पुडे हातोहात फिरतात. खेळ कळणारी म्हातारी माणसं मात्र शांत असतात. पास चुकला की त्यांची जीभ टाळूला लागून ‘च्च’ असा आवाज येतो, तेवढाच. सामना बरोबरीत सुटून टायब्रेकरवर गेला की हलगीसुद्धा थांबते. चेंडू ठेवणारा खेळाडू दोन पावलं मागे जातो, गोलरक्षक हात पसरून रेषेवर डुलतो, आणि त्या क्षणी हजारो माणसांत कुणी हलत नाही. मग चेंडू जाळीत जातो किंवा गोलरक्षकाच्या पंजावर आदळतो. अर्धं मैदान उठून उभं राहतं आणि अर्धं जागीच बसून राहतं. विजेत्यांची मिरवणूक पेठेत पोहोचते ती गुलालाने माखूनच.

या गर्दीचं मोल दुसऱ्या एका मैदानाशी ताडून पाहता येतं. जून २०१८ मध्ये मुंबईत अंधेरीच्या मैदानावर भारताचा राष्ट्रीय संघ चायनीज तैपेईविरुद्ध खेळला आणि ५–० असा जिंकला. सुनील छेत्रीने तीन गोल केले. पाहायला जेमतेम अडीच हजार माणसं होती. छेत्रीने समाजमाध्यमावरून हात जोडून विनंती केली की आम्हाला शिव्या द्यायच्या असतील तरी मैदानावर या, आणि ४ जूनच्या केनियाविरुद्धच्या सामन्याची सगळी तिकिटं संपली. तो छेत्रीचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता. कोल्हापुरात दोन तालमींच्या लढतीला अशी विनवणी कुणाला करावी लागत नाही.

संघ मालकाच्या जिवावर उभा असला की काय होतं, याचे दाखले महाराष्ट्रात आणि गोव्यात भरपूर आहेत. मुंबईत १८९१ पासून रोव्हर्स चषक खेळला गेला, कूपरेजवर मोठमोठे संघ आले, गिरण्या आणि कंपन्यांनी संघ पोसले. देशात अव्वल ठरलेला महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. पुण्यातला पुणे एफसी काही वर्षांत मिटला. इंडियन सुपर लीगमधला पुणे सिटी २०१९ मध्ये गुंडाळला गेला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. गोव्यात फुटबॉलची मुळं फार खोल आहेत. १८८३ मध्ये शिवोलीत फादर विल्यम लायन्स यांनी तिथल्या पोरांना हा खेळ शिकवल्याची नोंद आहे आणि राज्याने त्याला राज्यक्रीडेचा दर्जा दिला आहे. तरीही २०१६ मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो हे तिन्ही क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. धेंपोने राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा मिळवलं होतं. ताळेबंदात खेळ बसेनासा झाला की कंपनी संघ मिटवू शकते. पेठेला तसं करता येत नाही, कारण तिथे संघ मिटवणं म्हणजे स्वतःचं नाव पुसणं.

कोलकात्यात हीच गोष्ट मोठ्या पटावर दिसते. मोहन बागान १८८९ चा. २९ जुलै १९११ रोजी त्याने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २–१ असं हरवून आयएफए शील्ड जिंकली आणि बहुतेक अनवाणी खेळलेल्या त्या अकरा जणांचा विजय साऱ्या देशाचा झाला. १९२० मध्ये ईस्ट बंगाल निघाला आणि पूर्व बंगालातून आलेल्यांना तो आपला वाटला; फाळणीनंतर निर्वासितांच्या वस्त्यांत तो घराघरांत पोहोचला. ईस्ट बंगाल जिंकला तर ताटात हिलसा, मोहन बागान जिंकला तर कोळंबी, इतका हा खेळ तिथल्या स्वयंपाकघरात शिरलेला आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये तरुण डॉक्टरवरील अत्याचार आणि तिच्या हत्येने शहर पेटलं होतं. तेव्हा ड्युरँड चषकातला या दोन संघांचा सामना रद्द झाला आणि दोन्हींचे समर्थक सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर न्याय मागायला एकत्र उभे राहिले. केरळात मलबारच्या गावोगावी सात-सात गड्यांचे सामने रंगतात. २०२२ मध्ये कोळिकोडजवळच्या पुल्लावूरच्या नदीत मेस्सीचा तीस फुटी आणि नेमारचा चाळीस फुटी कटआउट उभा राहिला, तो तिथल्या क्लबांतल्या पोरांनी पदरचे पैसे घालून उभारला होता.

विश्वचषकाच्या महिन्यात कोल्हापूरही तसंच नटतं. एका गल्लीच्या तोंडाशी ब्राझीलचा झेंडा लागतो, पुढच्या गल्लीत अर्जेंटिनाचा. १९८६ च्या मेक्सिको विश्वचषकाचे सामने दूरदर्शनवर दिसले आणि माराडोना भारतातल्या घराघरांत पोहोचला, तेव्हापासून अर्जेंटिनाचा जयघोष या देशात वाढतच गेला. पण जिथे गल्लीचा स्वतःचा संघ असतो, तिथे परक्या देशाचा झेंडाही गल्लीच्याच ईर्षेतला एक डाव होऊन जातो.

जिथे असा संघ नाही, तिथलं चित्र निराळं असतं. बुऱ्हाणपूरसारख्या यंत्रमागांच्या शहरात फुटबॉलचं वेड पडद्यावर येतं आणि पडद्यावरच राहतं. इंग्लिश प्रीमियर लीगचे शनिवारचे सामने भारतात संध्याकाळी सुरू होतात आणि रात्री उशिरापर्यंत चालतात. चॅम्पियन्स लीगचे मोठे सामने हिवाळ्यात रात्री दीड वाजता लागतात. त्या वेळी शहरात जागं असतं ते रात्रपाळीचं माणूस. धोट्याच्या खडखडाटात कानावर काही पडत नाही, म्हणून खिशातल्या मोबाइलवर नुसता धावफलकासारखा आकडा पाहिला जातो. पाळी बदलल्यावर लालबाग ते शनवाऱ्याच्या वाटेवर चहा घेताना रात्रीच्या गोलची उजळणी होते. मँचेस्टर किंवा माद्रिदच्या नावाचा शर्ट अंगात असतो, खेळाडूंची नावं तोंडपाठ असतात. हे प्रेम खरंच आहे. माणूस त्याच्यासाठी झोप मोडतो. पण ते एकट्याचं राहतं. ज्या खेळाडूसाठी रात्र जागवली तो कधी समोरून चालत येणार नाही, त्याच्या हरण्याचं दुःख वाटून घ्यायला गल्ली नाही, आणि ते पाहून इथल्या मैदानावर चार पोरं जास्त उतरतील असंही होत नाही.

कोल्हापूरच्या रीतीत दोषही आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. ईर्षेचा तोल गेला की हुल्लडबाजी होते, दगड भिरकावले जातात, शिवीगाळ मैदानाबाहेर पेठेपर्यंत जाते. त्यापायी पोलिसांवर ताण येतो आणि खेळावरही गदा येते. १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान–ईस्ट बंगाल सामन्यात उसळलेल्या गोंधळात सोळा प्रेक्षकांचे प्राण गेले. पेठेवरचं प्रेम समोरच्या पेठेचा द्वेष करू लागलं तर कुठे पोहोचतं, ते त्या दिवसाने सांगितलं आहे. दुसरा दोष खेळाडूंच्या वाटेचा. पेठेत नाव मिळतं, पण वरची पायरी सहसा सापडत नाही. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. तो घडला पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत. लहान वयातलं शास्त्रशुद्ध शिक्षण, खाणंपिणं, दुखापतीवरचे उपचार आणि बाहेरच्या संघांशी सतत सामने या गोष्टी पेठेच्या वर्गणीतून भागत नाहीत.

मात्र साधनं तोकडी असली तरी ही वाट अगदीच बंद नाही. बुऱ्हाणपूर ज्या मध्य प्रदेशात आहे, तिथल्याच शहडोल जिल्ह्यातलं विचारपूर हे आदिवासी गाव ‘मिनी ब्राझील’ म्हणून ओळखलं जाऊ लागलं. दारूच्या विळख्यात सापडलेल्या पोरांना प्रशिक्षक रईस अहमद यांनी मैदानावर आणलं, घरोघरचे मुलगे आणि मुली खेळू लागले आणि राज्य व राष्ट्रीय पातळीवर पोहोचले. पंतप्रधानांनी जुलै २०२३ च्या ‘मन की बात’मध्ये या गावाची गोष्ट सांगितली. विचारपुरापाशी ना मोठा मालक होता, ना स्टेडियम. गावाचं एक मैदान होतं आणि रोज तिथे येणारा एक माणूस होता.

कोल्हापूर आणि विचारपूर एकत्र ठेवून पाहिले की एक गोष्ट पक्की होते. फुटबॉलचं वेड टिकतं ते संघ ज्या वस्तीचा आहे त्या वस्तीच्या रोजच्या कामांत रुजल्यावर. त्यासाठी लागणारं बरंचसं बुऱ्हाणपुरात आधीच आहे. इथे शनवारा, इतवारा, राजपुरा, महाजनापेठ असे जुने मोहल्ले आहेत, आखाडे आहेत, वर्गणी गोळा करण्यात मुरलेली गणेशमंडळं आहेत आणि एका कारखान्यात शेजारी-शेजारी माग चालवणारी मराठी, हिंदी, उर्दू बोलणारी पोरं आहेत. प्रत्येक मोहल्ल्याने एक संघ धरावा, पाळ्यांच्या वेळा सांभाळून हिवाळ्यात आठ-दहा आठवड्यांची लीग घ्यावी, लहान मुलांचा आणि मुलींचा गट पहिल्या वर्षापासून ठेवावा आणि मैदानावरच्या वागणुकीचे नियम मोहल्ल्यातल्या वडीलधाऱ्यांनी स्वतः पाळून घ्यावेत. केएसएला या शिस्तीवर पिढ्या खर्ची घालाव्या लागल्या. तिची नियमावली, नोंदणीची पद्धत आणि वयोगटांची रचना मागवून वाचली तर इथल्यांचे बरेच श्रम वाचतील. तुझ्यासारख्या कोल्हापुरात शिकायला असलेल्या पोराला ते कागद मिळवणं अवघड नाही. तेवढे मिळवून पाठवावेत.



तुझा,
मामा