मामांनी आधी लाकूड दाखवलं

जेली बुरश्या ओळखायला मला शिकवलं ते कोल्हापूरच्या आमच्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्र विभागाच्या मामांनी. हुद्द्याने ते प्रयोगशाळा परिचर. काचपट्ट्या धुवायच्या, सूक्ष्मदर्शक पुसून ठेवायचे, सहलीला सामान घ्यायचं, हे त्यांचं काम. बालपण आजऱ्याकडच्या रानात गेलेलं, त्यामुळे साल नुसती चाचपून झाड सांगायचे.

आंबोलीला ऐन पावसात कुजक्या ओंडक्यांवर या बुरश्या फुगून येतात. आम्ही मुलं रंगावर धावायचो : पांढरी, नारिंगी, तपकिरी. मामा म्हणायचे, "पोरी, रंग पावसावर बदलतोय. लाकूड कशाचं हाय ते सांग आधी." मग ते ओंडक्याचा तुकडा मोडून हातावर ठेवत. लाकूड पांढुरकं, मऊ, तंतू सुटलेलं असेल तर बुरशीने लिग्निनही खाल्लेलं असतं. कानाच्या पाळीसारखी दिसणारी ऑरिक्युलॅरिया अशीच कुजवते. लाकूड तपकिरी होऊन त्याचे चौकोनी तुकडे पडत असतील, तर सेल्युलोज संपलंय आणि लिग्निन बरंचसं मागे उरलंय. नारिंगी, चपट्या चमच्यांच्या आकाराची डॅक्रिओपिनॅक्स स्पॅथुलॅरिया या दुसऱ्या गटातली. लिग्निन, सेल्युलोज ही लाकडाच्या घटकांची नावं मॅडमच्या वर्गातली. लाकूड मोडून बघायची सवय मामांची.

पांढऱ्या, पातळ पाकळ्यांच्या ट्रेमेला फ्युसिफॉर्मिसपाशी ते सगळ्यात जास्त रेंगाळत. ही बुरशी स्वतःच्या बळावर लाकूड फारसं कुजवत नाही. लाकडातल्या दुसऱ्या बुरशीवर ती जगते. म्हणून शेजारी सालीवर काळे, कडक फोड दिसतात का, ते बघायला लावायचे. ते फोड ॲन्युलोहायपोझायलॉनचे, म्हणजे तिच्या यजमानाचे. नुसता पांढरा गोळा उपटून आणणाऱ्याच्या हाती अर्धीच माहिती लागते, हे मी त्या सालीवर शिकले.

तरी शेवटचा निकाल सूक्ष्मदर्शकाखालीच लागतो. बीजाणू जिच्यावर धरतात ती पेशी, बेसिडियम, पाहावी लागते. ऑरिक्युलॅरियात ती लांबट असते आणि आडव्या पडद्यांनी चार कप्प्यांत विभागलेली. ट्रेमेलात पडदे उभे, वरून पाहिलं तर अधिकचं चिन्ह दिसतं. डॅक्रिओपिनॅक्सच्या बेसिडियमला पडदाच नसतो, दोन लांब हात फुटलेले असतात. ट्रेमेलाच्या घराण्याची ही रचना फ्रान्सच्या लुई रेने त्युलान यांनी 1853 साली मांडली, आणि या बुरश्यांचं वर्गीकरण पुढे याच खुणेवर उभं राहिलं.

पण ओल्या जेलीचा पातळ काप घेणं महाकठीण. ब्लेडखाली ती सटकते, चिरडते. मामा नमुना आधी सुकू देत. सुकला की तो कागदासारखा कडक होतो, तेव्हा नव्या ब्लेडने पापुद्रा निघतो. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणात तो पुन्हा फुगतो. मग काँगो रेड या रंगद्रव्याचा थेंब, वर काच, आणि पेन्सिलच्या मागच्या टोकाने हळू हळू ठोके. माझ्या आयुष्यातलं पहिलं अधिकचं चिन्ह मला दिसलं ते मामांनी घेतलेल्या कापात. माझ्या प्रबंधातल्या कितीतरी आकृत्यांमागे त्यांचा हात आहे. त्या कामावर मला पदवी मिळाली, पुढे नोकरी मिळाली. मामा त्याच हुद्द्यावर निवृत्त झाले. आता ते हयात नाहीत.

ते प्रत्येक नमुना कागदी पाकिटात ठेवत. प्लास्टिकमध्ये जेली घाम धरते आणि सडते. पाकिटावर झाड, तारीख, ओला असतानाचा रंग, लाकूड कसं कुजलं होतं, सगळं त्यांच्या अक्षरात. संग्राहकाच्या रकान्यात मात्र आमची, विद्यार्थ्यांची आणि प्राध्यापकांची नावं. त्या काळी तशीच रीत होती, आणि ती चुकीची होती. अलीकडे मी ती पाकिटं काढून, अक्षर पडताळून, संग्राहक म्हणून मामांचं नाव लिहायला सुरुवात केली आहे. तुमच्या विभागाच्या कपाटातही अशी पाकिटं असतील. ती उघडा, अक्षर कुणाचं आहे ते विचारा, आणि ते नाव पाकिटावर लिहा.